दिवसभर झाडावर टांगून बसताना: ट्री सॅडलमधील खुब्यांची आवळण, मांडीची बधिरता आणि त्यांचे निवारण

मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने करावयाची शिकार १ ऑक्टोबरला सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर आले, की ते माद्यांच्या शोधात भर दुपारीही हिंडू लागतात, आणि त्या थोड्या दिवसांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत झाडावर थांबून राहणाऱ्यालाच ते दिसण्याची खरी शक्यता असते. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हा शिकारीचा कायदेशीर काळ त्या दिवसांत सुमारे अकरा तासांचा भरतो. अंधारात चढून स्थिरस्थावर होण्याचा वेळ त्यात धरला, तर ट्री सॅडलमध्ये, म्हणजे दोराने झाडाला अडकवलेल्या कापडी बैठकीत, शरीर जवळजवळ बारा तास टांगलेले राहते.

माझी अडचण अशी होती, की सलग तीन हंगाम मी साडेदहा-अकराच्या सुमारास खाली उतरत असे. पहिले दोन तास सॅडल अत्यंत आरामदायी वाटे, तिसऱ्या तासाला खुबे दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखे होत, आणि चौथ्या तासाला उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर होई. मी सॅडल बदलली, मग पुन्हा बदलली, आणि दोन्ही वेळा तेच दुखणे त्याच तासाला परत आले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की दोष सॅडलच्या कापडात नव्हता. तो दोरांच्या लांबीत आणि उंचीत होता, आणि ती लांबी व उंची मी प्रत्येक नव्या सॅडलबरोबर जशीच्या तशी पुढे नेत होतो. त्यामुळे नवी सॅडल घेण्याआधी दुखणाऱ्याने काय तपासावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा शिकारीला वाव नाही, आणि पुढील सर्व मजकूर अमेरिकेत परवाना काढून, हंगामात शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. सह्याद्रीत सुळके चढलेल्या वाचकांना मात्र यातील बहुतेक साहित्य ओळखीचे वाटेल: कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), स्थिर दोर, आणि कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची, १९३१ सालापासून प्रसिद्ध असलेली सरकती गाठ. ज्यांनी सुळक्यावर दोन बोल्टना लटकून तासभर जोडीदाराचा दोर सांभाळला आहे, त्यांना पाय बधिर होणे म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की तेथे तो प्रकार तासाभरात संपतो.

दुखणे नेमके कोठे आहे, ते आधी पाहावे

सॅडल म्हणजे बैठकीखालून जाणारा रुंद कापडी पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडणाऱ्या, पोटापुढून जाणाऱ्या दोराला ब्रिज म्हणतात. खोडाला फास टाकून बांधलेला दोर म्हणजे टेदर, आणि ब्रिज त्याच्यावरच्या सरकत्या गाठीला कॅराबिनरने अडकवलेला असतो. पाय एका लहान प्लॅटफॉर्मवर किंवा खोडाभोवती बांधलेल्या पायऱ्यांच्या कड्यावर असतात. म्हणजे भार बैठक, पावले आणि खोडाला टेकलेले गुडघे या तीन ठिकाणी वाटला जातो. या वाटणीत चूक झाली, की शरीर त्या चुकीची जागा दाखवते.

खुब्यांच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी चिमटा बसत असेल, तर संशय ब्रिजवर घ्यावा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरता, मुंग्या किंवा जळजळ होत असेल, तर कमरेचा पट्टा फार घट्ट आहे असे समजावे, कारण मांडीच्या त्या भागातील त्वचेला संवेदना देणारी नस कमरेच्या पुढच्या कोपऱ्यातून, पट्टा जेथे रुततो तेथूनच, खाली उतरते. मुंग्या मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीकडे जात असतील, तर सॅडलची खालची कड चुकीच्या ठिकाणी रुतते आहे. जांघेत रग लागत असेल, तर मांडीचे पट्टे आवळलेले आहेत. पाठीच्या खालच्या भागाची कळ, गुडघ्याचे दुखणे आणि तळपायाची आग यांची कारणे वेगळी आहेत आणि ती पुढे येतील. माझ्या बाबतीत पहिली दोन दुखणी एकत्र होती आणि मी त्यांना एकच समजत होतो, म्हणूनच माझे तीन हंगाम वाया गेले.

ब्रिजची लांबी

सर्वाधिक लोकांचे दुखणे येथेच संपते, म्हणून याचा हिशेब सविस्तर मांडतो. समजा, सॅडलच्या दोन कड्यांमधील अंतर ३६ सेंटिमीटर आहे आणि ब्रिजची लांबी ६० सेंटिमीटर आहे. कॅराबिनर मधोमध असेल, तर ब्रिजची प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटरची होते आणि १८, २४, ३० असा काटकोन त्रिकोण तयार होतो. ब्रिजवर ६० किलो भार असेल, तर प्रत्येक कड्याच्या वाट्याला ३० किलो येतात. पण दोर तिरका असल्यामुळे तो कड्याला आतल्या बाजूलाही ओढतो, आणि ही आतली ओढ सुमारे साडेबावीस किलोंची निघते. म्हणजे दोन्ही खुब्यांवर दोन्हीकडून सतत तेवढा दाब. आता ब्रिज ९० सेंटिमीटर केला, तर तीच ओढ सुमारे १३ किलोंवर येते. सॅडल तीच, माणूस तोच, वजन तेच, आणि दाब मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक कमी.

मी ज्या दिवशी कागदावर हे गणित मांडले, त्याच संध्याकाळी अंगणातील मेपलला सॅडल टांगून ब्रिज एक वीत वाढवला आणि तासाभरात फरक जाणवला. तरीही ब्रिज वाटेल तेवढा वाढवू नये. तो फार लांब झाला तर कॅराबिनर चेहऱ्यासमोर येतो, धनुष्य ओढताना हाताला अडतो, आणि शरीर खोडापासून दूर जाते. सुरक्षिततेची मर्यादा त्याहून महत्त्वाची आहे: सॅडलमध्ये पूर्ण वजन सोडून बसलेले असताना, कोपर किंचित वाकलेले राहून, टेदरवरच्या सरकत्या गाठीपर्यंत हात पोहोचला पाहिजे. तो पोहोचत नसेल, तर पाय निसटल्यावर स्वतःला वर घेणे कठीण होईल.

लांबी कमी-जास्त करता येणारा ब्रिज सॅडलच्या उत्पादकाने दिलेलाच वापरावा, आणि त्याच्या टोकांना अडसराच्या गाठी आहेत याची प्रत्येक वेळी बोटांनी चाचपून खात्री करावी. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर वजनाला हलका आणि ताकदीला मोठा असला, तरी तो सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे घर्षणावर चालणारी सरकती गाठ त्याची बांधू नये, तिच्यासाठी उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा दोरच घ्यावा.

टेदरची उंची

प्लॅटफॉर्मवर ताठ उभे राहिल्यावर टेदरचा फास साधारण कपाळाच्या उंचीला यावा, ही सुरुवातीची खूण. ज्यांना बराच वेळ बसून राहायचे आहे त्यांनी तो वीतभर वर घ्यावा, आणि ज्यांना पाय ताणून मागे रेलणे आवडते त्यांनी थोडा खाली ठेवला तरी चालते. फास खाली असला, की दोर अधिक आडवा होतो, आणि जितका तो आडवा तितका त्याच्यावरचा ताण वाढतो. तेवढेच वजन पेलणारा दोर उभ्या रेषेपासून ३० अंश झुकला तर ताण सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि ४५ अंश झुकला तर ४१ टक्क्यांनी. हा वाढीव ताण ब्रिजमधून पुन्हा खुब्यांवरच येतो. आखूड ब्रिज आणि खाली बांधलेला टेदर ही जोडी म्हणूनच सर्वांत त्रासदायक असते, आणि नवशिक्यांकडे नेमकी हीच जोडी आढळते, कारण अंधारात हाताला सहज येईल तेथे फास टाकून ते मोकळे होतात.

उलट, फास फार वर गेला तर गुडघे खोडावर जोराने दाबले जातात. गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी चांगल्या जाडीचे गुडघापॅड बांधावेत, आणि ते घोट्यापर्यंत घसरणार नाहीत असे पाहावे.

कमरेचा पट्टा, मांडीचे पट्टे आणि खिसे

चढताना कमरेचा पट्टा घट्ट असणे योग्यच आहे, नाहीतर सॅडल खाली घसरते. परंतु वर पोहोचून वजन सॅडलवर सोडल्यानंतर तो तसाच घट्ट ठेवण्याचे कारण उरत नाही, कारण आता भार बैठकीच्या पट्ट्यावर असतो. पट्टा सैल करावा, मात्र बक्कल कधीही उघडू नये. मांडीच्या पट्ट्यांनाही हाच नियम लागू आहे. सॅडल वर सरकू नये म्हणून ते असतात आणि बसल्यावर त्यांत सपाट तळहात सहज जावा इतके ते सैल असावेत. माझी मांडीची बधिरता एवढ्या एका बदलाने गेली. तिच्यासाठी मी दोन सॅडल विकत घेतल्या होत्या, याची आजही चुटपुट लागते.

सॅडलच्या खालच्या कडेविषयी: ती नितंब संपून मांडी सुरू होते तेथे, किंवा त्याच्या चार बोटे खाली असावी. दोन पट्ट्यांच्या सॅडलमध्ये वरचा पट्टा कमरेच्या मागे आणि खालचा बैठकीखाली असे वेगळे करता येतात. ही सोय बसताना पट्टे फाकवून वापरावी आणि रेलताना ते पुन्हा जवळ आणावेत. मागच्या खिशातील पाकीट, मांडीच्या खिशातील फोन, जाकिटाची कमरेखाली गोळा झालेली कड, ही सर्व तिसऱ्या तासाला दगडासारखी टोचू लागतात. चढण्यापूर्वी सॅडलखाली येणारे सर्व खिसे रिकामे असावेत. पाठीसाठी स्वतंत्र रुंद पट्टा मिळतो, तो टेदरच्या वरच्या भागाला अडकवून पाठीमागून घेता येतो. दुपारनंतर त्याचा मोठा आधार वाटतो, पण तो केवळ आरामाचा आहे आणि जीव त्याच्यावर टांगू नये.

पावले आणि झाडाची निवड

तळपायाची आग बहुधा मऊ तळव्याच्या बुटांमुळे होते. प्लॅटफॉर्मची कड तळव्याच्या मध्यावर रुतते, आणि ताठ तळव्याचे बूट घातले की त्रास कमी होतो. प्लॅटफॉर्म पुढे झुकलेला असेल तर पोटऱ्या भरून येतात, म्हणून तो समतल बसला आहे की नाही हे अंधारातही पाय रोवून तपासावे.

झाड शक्यतो सरळ असावे. झुकलेल्या खोडाच्या वरच्या अंगाला बसले, तर शरीर दिवसभर एका कडेला घरंगळत राहते आणि ते सावरण्यात एकच खुबा शिणतो. शॅगबार्क हिकरीची सुटलेली साल चढताना फार आवाज करते. आणि ॲश या झाडाबाबत तर कळकळीने सांगतो: एमराल्ड ॲश बोअरर हा कीटक २००२ साली आग्नेय मिशिगनमध्येच प्रथम आढळला आणि त्यानंतर येथील असंख्य ॲश वाळून गेले. हे मेलेले ॲश बाहेरून सरळसोट आणि चढण्यास उत्तम दिसतात, पण आतून ठिसूळ झालेले असतात. पानगळीनंतर जिवंत आणि मेलेले झाड अंधारात ओळखणे अवघड असते, त्यामुळे झाड दिवसाउजेडी, शक्यतो उन्हाळ्यात पाने असतानाच निवडून ठेवावे.

चढण्याचे साहित्य आणि दुपारची थंडी

चढण्याचा आणि दुपारच्या आरामाचा काही संबंध असेल असे मला अनेक दिवस वाटले नव्हते. पण पहाटे सर्व कपडे घालून, पाठीवर ओझे घेऊन, धापा टाकत वर पोहोचले, की आतला कपडा घामाने भिजतो. दहा वाजता वारा सुटल्यावर तो घाम अंगावर गार होतो आणि थंडीने आखडलेले स्नायू खुब्यांचा दाब अधिकच तीव्र करतात. आता मी पातळ कपड्यांत चढतो, ओझे खालीच ठेवून वरून दोरीने ओढून घेतो, आणि अंग सुकल्यावर, सुमारे दहा मिनिटांनी, गरम कपडे चढवतो. सॅडलखाली दबलेल्या कपड्यात हवा उरत नसल्याने त्याची ऊब जाते. तेथे पातळ फोमचा, पाणी न शोषणारा तुकडा बैठकीखाली घातला तर फरक पडतो, फक्त त्याला सुरकुती पडू देऊ नये.

मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर झाडात खिळे किंवा स्क्रू घुसवण्यास मनाई आहे, म्हणून पट्ट्याने किंवा दोराने खोडाला बांधायच्या क्लाइंबिंग स्टिक, म्हणजे पायऱ्या असलेल्या धातूच्या आखूड काठ्या, हाच तेथील मार्ग. एकच स्टिक वापरून तिला टप्प्याटप्प्याने वर नेत चढण्याची आणि दोरावरून घसरत उतरण्याची पद्धत वजनाला हलकी आहे आणि काही तासांच्या बैठकीसाठी मला आवडते. दिवसभराच्या बैठकीसाठी मात्र मी तीन स्टिक आणि सर्वांत खालच्या स्टिकला कापडी पायरी अशी मांडणी करतो, कारण एका स्टिकने चढताना दंड आणि पाठ आधीच दमतात आणि घामही जास्त येतो. स्टिकच्या धातूवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली, की एकमेकींवर आदळून होणारा खणखणाट थांबतो.

जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत शरीर दोराला जोडलेले असलेच पाहिजे. चढताना कमरेभोवतीचा लाइनमन दोर खोडाला घातलेला असावा. फांदी ओलांडताना आधी दुसरा दोर फांदीच्या वर बांधावा आणि मगच पहिला सोडावा. वर पोहोचल्यावर टेदर बांधून, त्याच्यावर वजन टाकून पाहिल्यानंतरच लाइनमन दोर काढावा. टेदरच्या फासाच्या वर कधीही चढू नये आणि दोर ढिला ठेवू नये. दातेरी दोर-पकड वापरणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण ढिल्या दोरावर अचानक झटका बसला तर तिचे दाते दोराचे आवरण फाडू शकतात. भिजलेला दोर गोठला की कडक होतो आणि सरकती गाठ नीट धरत नाही. अशा सकाळी गाठीला एक वेढा जास्त घेऊन, जमिनीजवळच तिच्यावर वजन टाकून पाहावे.

हालचालीची शिस्त

सर्व मापे अचूक जुळली, तरी एकाच स्थितीत अकरा तास कोणाचेही शरीर राहू शकत नाही. मी साधारण वीस-पंचवीस मिनिटे बसतो, मग तेवढाच वेळ रेलतो, मग एका बाजूला वळून एक गुडघा खोडाला टेकवतो. स्थिती बदलायची ती वाऱ्याची झुळूक आली असता, म्हणजे पाचोळ्याच्या आवाजात ती लपते. मधल्या वेळात घोटे फिरवणे आणि टाचा उचलणे चालू ठेवावे. पोटऱ्यांचे स्नायू हलले तरच पायांत उतरलेले रक्त वर चढते. पाय निसटून माणूस दोराला निश्चल लटकत राहिला, तर हेच रक्त पायांत साचून बेशुद्धी येऊ शकते. म्हणून शेवटची स्टिक प्लॅटफॉर्मच्या शेजारी, पायाला सहज सापडेल अशी असावी. शिट्टी आणि फोन छातीच्या खिशात असावेत, आणि आपण कोणत्या झाडावर आहोत हे घरी कोणालातरी ठाऊक असावे.

तपासणी कशी करावी

ऑगस्टमध्ये, अंगणातील किंवा एखाद्या मित्राच्या आवारातील झाडाला, जमिनीपासून फूटभर उंचीवर प्लॅटफॉर्म बांधावा. उकाडा सहन करून नोव्हेंबरचेच जाड कपडे घालावेत, कारण टी-शर्टवर जुळवलेली मापे जाड कपड्यांवर बदलतात आणि मग झाडावर पहाटे पाचला सर्व पुन्हा शोधावे लागते. उकाड्यामुळे पाणी जवळ ठेवावे आणि चक्कर आल्यासारखे वाटताच थांबावे. दोन तास बसावे. एका वेळी एकच माप बदलावे, आणि ब्रिजची लांबी, टेदरची उंची, दुखण्याची जागा आणि ते सुरू झाल्याची वेळ वहीत लिहावी. मी आधी ब्रिज, नंतर टेदर, नंतर पट्टे आणि शेवटी सॅडलची उंची असा क्रम ठेवला. चार संध्याकाळींत माझी मापे ठरली, आणि ती आता ब्रिजवर व टेदरवर रंगीत धाग्याच्या खुणांनी बांधलेली आहेत, म्हणजे अंधारात बोटांनाही सापडतात.

एक दुखणे मात्र माझे पूर्ण गेलेले नाही. डावा गुडघा आठव्या तासानंतर कुरकुरतोच, आणि तेव्हा मी उजव्या अंगावर थोडा अधिक वेळ राहतो. मांडीची बधिरता उतरल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल किंवा पायातील जोर कमी वाटत असेल, तर दोरांची मापे बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

उतरण्याच्या वेळेबाबत सांगायचे राहिले. चढता-उतरताना आणि एका दोरावरून दुसऱ्या दोरावर जातानाच पडण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि दिवसभराच्या बैठकीनंतर तर अंधार, थंड बोटे आणि अर्धवट बधिर पाय हे सर्व एकाच वेळी वाट्याला येते. शिकारीची वेळ संपल्यावर मी धनुष्य आधी दोरीने खाली सोडतो, मग टेदरला जोडलेला राहूनच पाच मिनिटे प्लॅटफॉर्मवर उभा राहतो आणि एकेका पायावर वजन टाकून पाहतो. दोन्ही तळव्यांना प्लॅटफॉर्मची कड स्पष्ट जाणवली, की लाइनमन दोर खोडाला घालतो, त्याच्यावर वजन टाकून पाहतो, आणि त्यानंतरच टेदरला हात लावतो.